चिठ्ठीत आलेली बाजू

वसई (प.)
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

प्राचार्या श्रीमती हेमांगी दळवी यांस,

शनिवार, १३ डिसेंबर २०२५ रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयातून बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकण्यात आला. त्यात वाणिज्य शाखेची पिंकी शिगवण वर्गात उभी राहून बोलते आहे. "गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात टाकून आजवर कुणाचं भलं झालं? कायद्याने परवानगी द्या, म्हणजे तो लपणार नाही." व्हिडिओ तिथेच तुटतो. वर तुमच्या कार्यालयाचा मथळा आहे, 'व्यसनमुक्ती सप्ताहानिमित्त उद्बोधक चर्चा', आणि पुढे जोडलेले हात.

संध्याकाळपर्यंत त्या मुलीला ग्रुपवर 'गांजावाली' हे नाव पडले होते. आज सकाळी तुम्ही तिला केबिनमध्ये बोलावलेत आणि माफीपत्र दिल्याशिवाय पूर्वपरीक्षेला बसता येणार नाही असे सांगितलेत.

ती चर्चा मी घेत होते. त्यामुळे वर्गात काय झाले ते मीच सांगते.

सप्ताहासाठी तुम्ही सुचवलेला विषय 'व्यसन: एक शाप' असा होता. शापावर चर्चा होत नाही, माना डोलावता येतात. म्हणून मी 'गांजा कायदेशीर करावा का?' असा विषय घेतला. उपप्राचार्य स्वरूप सरांना तसे आधी सांगितले होते आणि ते "चालेल टीचर, तुमचा तास आहे" असे म्हणाले होते. उपप्राचार्यांचे 'चालेल' तुमच्या संस्थेत चालते असा माझा समज होता.

मुलांनी बाजू स्वतः निवडल्या नाहीत. स्टीलच्या डब्यात 'हो' आणि 'नाही' अशा चिठ्ठ्या होत्या. जी चिठ्ठी हाताला येईल त्या बाजूने बोलायचे, मनात काहीही असो. बोलण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडून दाखवायचा, आणि तो "हो, मला हेच म्हणायचं होतं" असे म्हणाला की मगच तो खोडायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला असे बोलायला शिकवले. मी माझ्या सगळ्या वर्गांना तसेच शिकवले. त्यातल्या एका वर्गात तिसऱ्या बाकावर तुम्ही होतात. तेव्हा चिठ्ठी म्हणजे काय हे मला माहीत नव्हते, असे तुम्हाला म्हणता येणार नाही.

तास चांगला झाला. व्हिव्हियनला 'नाही' आली होती. तो म्हणाला की दारू कायदेशीर आहे, तर आमच्या गावातली मयते मोजा आणि त्यातली किती दारूने गेलेल्यांची तेही मोजा. मेलरॉयने विचारले की शिवरात्रीला भांग चालते आणि गांजा चालत नाही, झाड तर एकच, मग पोलिसांनी कुठल्या पानापर्यंत सोडायचे? वर्ग हसला. मी कायदा वाचून दाखवला. केंद्राच्या कायद्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, नुसते पान त्यात येत नाही, आणि भांगेसाठी आपल्या राज्याचे नियम वेगळे आहेत. हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते. व्यसनमुक्तीची भाषणे मात्र सगळ्यांनी पाचवीपासून ऐकली आहेत.

मग पिंकी उठली. तिला 'हो' आली होती. ती सर्वांत चांगली बोलली. दारात उभे राहून स्वरूप सर सप्ताहाच्या अहवालासाठी मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. अहवालाला पुरावा लागतो हे मीही जाणते. पण त्यांनी नेमके तिच्या बोलण्यातले मधले तेवढेच घेतले आणि न ऐकता पुढे पाठवले. तुमच्या कार्यालयाने ते न ऐकता ग्रुपवर टाकले. ऐकले फक्त पालकांनी.

चूक कार्यालयाची आणि माफी मुलीने मागायची, हा न्याय कुठला? माझी मागणी सरळ आहे. बाजू चिठ्ठीने ठरल्या होत्या आणि ते त्या मुलीचे मत नव्हते, एवढे ग्रुपवर जाहीर करा.

मालन चुरी
(निवृत्त शिक्षिका)

ता. क. तुमच्या सत्काराच्या दिवशी "हेमांगीचं इंग्रजी आता बरंच सुधारलंय" असे मी स्टेजवरून म्हटले, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. सुधारले होते म्हणून म्हटले. त्याचा राग असेल तर तो माझ्यावर काढा. निवृत्तीनंतर दर शनिवारचा तास ट्रस्टच्या भालचंद्र काकांनी मला दिला, तुम्ही नाही, हेही मला माहीत आहे. मुलीला यात घेऊ नका.


गुरुवार, १८ डिसेंबर

हेमांगी,

आज 'तू' म्हणते. सोमवारचं पत्र प्राचार्यांना होतं. प्राचार्यांनी उत्तर दिलं नाही, स्वरूप सरांना पाठवलं. ते आमच्या वाडीच्या फाटकाशी आले आणि स्कूटर चालू ठेवूनच बोलले. मी "आत या, चहा घ्या" म्हटलं. "नको टीचर, अजून दोन ठिकाणी जायचंय," म्हणाले. माझ्या चहाची एवढी भीती शाळेत कुणाला नव्हती.

निरोप असा की मॅडम तयार आहेत. 'माफी' हा शब्द गाळला आहे. त्याऐवजी पिंकीने एवढंच लिहून द्यायचं: 'मी मांडलेले मत माझे नाही. मला चिठ्ठीत ती बाजू आली होती. गांजा कायदेशीर करावा असे मला वाटत नाही.' खाली सही. तो कागद ग्रुपवर टाकला जाईल, विषय संपेल, आणि ती पूर्वपरीक्षेला बसेल.

"तुम्हीच मागितलं होतंत ना टीचर, चिठ्ठीचं जाहीर करा म्हणून?" स्वरूप सरांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. मागितलं होतंच.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तू मान तुकवलीस असं मला वाटलं. एवढ्या वर्षांनी अजून तुला माझं पत्र नीट वाचता येतं, असंही वाटलं. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून शेजारच्या गॉडफ्रेला कुंपणावरून सांगितलं. तो नाताळच्या ताऱ्याची वायर ओढत होता. "जिंकलात की टीचर," म्हणाला आणि पुन्हा वायरीकडे वळला.

एक गोष्ट तेवढी खटकली. व्हिडिओ कार्यालयाने टाकला, मग खुलासा कार्यालयाच्या सहीने का नको? स्वरूप सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम म्हणाल्या, आपल्याकडून लेखी काही जाऊ नये." तुझा निरोपही तोंडी, तुझी अटही तोंडी, आणि लेखी काय ते सतरा वर्षांच्या मुलीने द्यायचं. पण परीक्षा तोंडावर आहे. मी ते गिळलं.

परवा गोखिवऱ्याला जाऊन तिची सही घेऊन येते.

मालन टीचर


सोमवार, २२ डिसेंबर

हेमांगी,

सही मिळाली नाही. कशी मिळाली नाही ते सविस्तर लिहिते, कारण स्वरूप सर तुला 'मुलगी हट्टी आहे' एवढंच सांगतील.

शिगवणांचं घर गोखिवऱ्यात गाळ्यांच्या मागच्या चाळीत आहे. खालच्या गाळ्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालतं, त्यामुळे दोन वाक्यांच्या मध्ये थांबून बोलावं लागतं. वडील बळीराम त्याच गाळ्यात कामाला आहेत. मूळचे खेडचे. मी गेले तेव्हा ते नुकतेच वर आले होते आणि मला बसायला खुर्ची देऊन स्वतः उंबऱ्यावर बसले. आईने पोहे केले. थोरला भाऊ विघ्नेश भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो उठला नाही आणि कुणी त्याला उठ म्हटलंही नाही.

मी पिंकीला कागद दिला. तिने वाचला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "टीचर, पहिलं वाक्य खोटं आहे. तिसरं पण."

मी म्हटलं, अगं, तुला चिठ्ठी आली होती.

"आली होती. मी 'नाही'च बोलणार होते. मला त्याचा वास आला तरी ओकारी येते. पण 'हो' निघाली, म्हणून मुद्दे शोधायला लागले. शोधता शोधता पटलं."

तिची आई म्हणाली, "टीचर, तुम्ही सांगा तिला. सही करून मोकळी हो म्हणावं. एका पोराचं नाव गेलंच आहे आमच्या घरात."

मग मला ते कळलं. पुढचं मी पिंकीला विचारून लिहिते आहे. "लिहा, चाळीत सगळ्यांना माहितीच आहे," असं ती म्हणाली.

विघ्नेश पार्सल पोचवण्याचं काम करायचा. त्याला गांजाची सवय लागली हे घरात दीड वर्ष सगळ्यांना कळत होतं. आई त्याला डॉक्टरकडे नेत नव्हती. डॉक्टर पोलिसांना कळवतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तिने दार लावून घेतलं, शेजाऱ्यांना पोराला टायफॉइड झालाय म्हणून सांगितलं, आणि शुक्रवारचे उपास धरले. गणपतीनंतर तो अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मित्रांबरोबर पुडीसह सापडला. केस झाली. जामिनावर घरी आला तोवर नोकरी गेली होती, ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. आता तो ओढत नाही, असं पिंकी म्हणाली. "आता तो काहीच करत नाही."

मी तिला समजावलं. तू मला ओळखतेस, मी काही कमी बोलले नाही. मी म्हटलं की कायद्याची भीती गेली तर आज एक विघ्नेश आहे तिथे उद्या चार होतील. दुकानात मिळणारी गोष्ट वाईट आहे हे पोरांना कुणी पटवून देऊ शकत नाही. व्यसनाने गेलेली पोरं मी वर्गात पाहिली आहेत, माझ्याकडे त्यांची नावं आहेत.

तिने सगळं ऐकून घेतलं. खालचं मशीन थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तुमचं म्हणणं असं आहे टीचर, की भीती हे कुंपण आहे. कुंपणाने चोर थांबत नाही, पण सहज जाणारा माणूस थांबतो. आणि आमच्या वयाची बहुतेक मुलं चोर नसतात, सहज जाणारी असतात. बरोबर?"

हेमांगी, मी इतकी वर्षं हे मत बाळगून आहे, आणि इतक्या नेमक्या शब्दांत ते मला कधी मांडता आलं नव्हतं. मला "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणावं लागलं.

"आमच्या आईला त्या कुंपणाने थांबवलं," ती म्हणाली. "दादाला नाही."

तरी माझं मत बदललेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. गांजा कायदेशीर करू नये असंच मला वाटतं. एक आई घाबरली म्हणून कायदा उलटा करता येत नाही. त्या आईला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं की उपचाराला नेलं तर चालतं. हे मी पिंकीला म्हटलं. ती म्हणाली, "कोण सांगणार होतं? व्यसनमुक्ती सप्ताह?" पोरगी जिभेची तिखट आहे. कुणाच्या वर्गात बसली होती हे उघड आहे.

शेवटी मी बळीरामांकडे पाहिलं. बाप सांगेल तर ऐकेल, असं मला वाटलं. ते म्हणाले, "लहानपणापासून मीच मारून मारून शिकवलं हिला, खोटं लिहायचं नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू?" आई पदर डोळ्याला लावून आत गेली. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि पोहे संपवले, कारण टाकणं बरं दिसलं नसतं.

परत येताना रिक्षात मी माझ्यावरच चिडले होते. 'ते तिचं मत नव्हतं' हे मी तुला लिहिलं होतं. मी तिला विचारलं नव्हतं. चिठ्ठी आहे म्हणजे मुलगी सुरक्षित आहे, असं मी धरून चालले. चिठ्ठीमागे उभं राहून कुणीही काहीही बोलावं, मग हात झटकून घरी जावं. पण सिस्टर बेनेडिक्टा चिठ्ठ्या त्यासाठी वाटत नव्हत्या. आपलं मत आपल्याला आयतं मिळालंय का, हे एकदा दुसऱ्या बाजूला उभं राहून बघावं, यासाठी वाटत होत्या. आणि बघताना कुणाचं मत बदललं, तर ते त्याचं झालं. ते चिठ्ठीला परत करायचं नसतं.

तुझं सांगू? दहावीचं वर्ष, विषय होता 'मुलींनी शिकायला एकटीने बाहेरगावी जावे का?' तू विरारच्या त्या ब्लॉकमधली, वडील घड्याळ लावून तुझी वाट बघणारे. तुझं मत ठरलेलं होतं, जाऊ नये. तुला 'जावे' आली. तू रडवेल्या आवाजात चिठ्ठी बदलून मागितलीस आणि मी दिली नाही. मग तू बोललीस. बारावीनंतर तू पुण्याला गेलीस. तुझे वडील माझ्याकडे आले होते, "पोरीच्या डोक्यात हे तुम्ही घातलंत," म्हणाले. मी त्यांना 'ते तिचं मत नाही, तिला चिठ्ठी आली होती' असं लिहून दिलं असतं, तर तू आज त्या खुर्चीत नसतीस.

म्हणून १५ तारखेच्या पत्रातली माझी मागणी मी मागे घेते. पिंकीकडून कसलाच कागद नको. ती बोलली, तिला तसं वाटतं, आणि वर्गात वाटणं हा गुन्हा नाही. तिला परीक्षेला बसू दे.

तुझी टीचर


सोमवार, २९ डिसेंबर

प्राचार्या श्रीमती हेमांगी दळवी यांस,

शुक्रवारी संध्याकाळी तुमचा फोन आला. सत्कारानंतर तुमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तुम्ही 'टीचर' म्हणालात. बरे वाटले. फोनवर जे बोलणे झाले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला तोंडी आठवणींवर विसंबावे लागणार नाही.

तुम्ही म्हणालात की तुमच्या केबिनमध्ये पालकांची रांग लागली होती. एका बापाने टेबलावर हात आपटला. ट्रस्टमधून रोज विचारणा होते. मुलीला काहीच न घेता बसवले, तर उद्या प्रत्येक जण म्हणेल की या कॉलेजात गांज्याचे समर्थन चालते. "तुम्ही तास घेऊन घरी जाता टीचर. मला सकाळी परत तिथेच यायचं असतं," असे तुम्ही म्हणालात. हे खरे आहे. निवृत्त माणसाला धीट होणे स्वस्त पडते, हे मला मान्य आहे.

मग तुम्ही विचारलेत, "तुम्हाला तरी तिचं पटतं का?" मी नाही म्हटले. "मग तुम्ही कशासाठी भांडताय?" याचे उत्तर मी फोनवर नीट दिले नाही. मला राग आला आणि मी फोन ठेवला. आता देते. मला तिचे पटले असते, तर मी माझ्याच मतासाठी भांडले असते. त्यात काही विशेष नव्हते. ते गल्लीतले कुत्रेही करते.

फोन ठेवण्याआधी तुमचे शेवटचे वाक्य होते, "एक ओळ लिहायला काय जातंय तिचं?"

शनिवारी मी पिंकीला भेटले आणि हे वाक्य सांगितले. ती म्हणाली, "काही जात नाही टीचर. पण मग मी जे बोलले ते सगळंच चिठ्ठीचं होतं असं होईल. दादाबद्दल मला जे वाटतं तेही." ती रडली नाही. अकाउंट्सचे पुस्तक उघडून बसली होती. परीक्षेला बसायला मिळणार की नाही हे माहीत नसताना ती अभ्यास करते आहे. तिच्या आईने मला दारापर्यंत सोडले आणि हळूच विचारले की वर्ष फुकट गेले तर पुढच्या वर्षी बाहेरून बसता येते का. माझ्याकडे ही माहिती होती. मी सांगितली नाही. ती विचारावी लागते आहे याचीच मला लाज वाटली. तुम्हाला वाटावी म्हणून लिहिते.

मी स्वतः काय करणार तेही लिहिते. शनिवारचा तास यापुढे घ्यायचा की नाही, हे भालचंद्र काका ठरवोत. काढून घेतलात तर तक्रार करणार नाही. तो विषय मी निवडला, चिठ्ठ्या मी केल्या, दार उघडे मी ठेवले. पालकांना कुणी जबाबदार हवे असेल तर माझे नाव आणि पत्ता ग्रुपवर टाका. टेबलावर हात आपटायचा असेल त्यांनी माझ्या ओट्यावर येऊन आपटावा. माझे टेबल सागवानी आहे.

पूर्वपरीक्षा सोमवारी, ५ जानेवारीला सुरू होते. त्या दिवशी सकाळी मी पिंकीला घेऊन तुमच्या फाटकाशी येईन. ती गणवेशात असेल, तिच्याकडे पेन आणि ओळखपत्र असेल, आणि कसलाही सही केलेला कागद नसेल. तिला आत घ्यायचे की नाही हे शिपायाने किंवा स्वरूप सरांनी फाटकावर ठरवू नये. ते तुम्ही आधी ठरवावे आणि लिहून द्यावे.

दोनच शक्यता आहेत. एक म्हणजे, 'कु. पिंकी शिगवण हिला पूर्वपरीक्षेस बसण्यास परवानगी आहे,' असे विनाअट लिहून द्या. तसे नसेल, तर तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीने आणि महाविद्यालयाच्या शिक्क्यासह असे लिहून द्या की, 'वर्गातील चर्चेत या विद्यार्थिनीचे मत बदलले आणि तिने तसे प्रामाणिकपणे सांगितले, या कारणास्तव तिला परीक्षेस बसू दिले जात नाही.' याहून एक शब्द मी जास्त घालणार नाही आणि तुम्ही कमी करू नये. कारण एवढेच आहे. हे वाक्य लिहिताना तुमचा हात थांबला, तर पहिले वाक्य लिहा.

एक ओळ लिहायला तिचे काही जात नाही, असे तुम्हीच म्हणालात. तुमचेही जाणार नाही.

स्वरूप सर नकोत, फोन नको, निरोप नको. लेखी उत्तर शुक्रवार, २ जानेवारी २०२६, दुपारी बारा वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडावे.

मालन चुरी